पडणे, उठणे आणि हातातले खाली ठेवणे
(वर्षावास प्रवचनमालेत अभ्यासिका मंडळाच्या वतीने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासात दर रविवारी या ठिकाणी धम्मग्रंथाचे वाचन होते आणि त्यावर जाणकार मंडळी बोलतात. आज समितीने आम्हा अभ्यासिका चालवणाऱ्या तिघांना बोलायला सांगितले. आम्ही काही विद्वान नव्हे. संध्याकाळी कुलूप उघडायचे, पंखे लावायचे, मुलांना गणित-इंग्रजीत अडले तर सांगायचे, आणि रात्री अकरा वाजता कुलूप लावून चावी खिशात टाकायची, एवढेच आमचे काम. तेव्हा आम्ही जे रोज पाहतो त्यातलेच काही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

विषय सांगितला तेव्हा समितीतल्या एक-दोन ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे आम्ही पाहिले. विषय आहे एक जपानी चित्रकथा, आणि तीसुद्धा तलवारबहाद्दराची. पहिल्या रांगेत बसलेल्या आजींनी तर आम्हाला विहाराच्या पायरीवरच गाठलं होतं. "काय रे पोरांनो, बुद्धाच्या घरात तलवारीचं पुस्तक कशाला?" आजींचा प्रश्न रास्त आहे. आजचे सगळे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

सुरुवात अभ्यासिकेतूनच करतो. आमच्याकडे एक मुलगा येत असे. नाव सांगत नाही, कारण तो याच सभागृहात आहे. पोलीस भरतीसाठी तीन वर्षे झटत होता. पहाटे चारला उठून मैदानावर जायचं, सोळाशे मीटर धावायचं, गोळाफेक करायची, दिवसा मिळेल ते काम करायचं आणि संध्याकाळी अभ्यासिकेत. पहिल्या वर्षी मैदानी चाचणीत गेला, दुसऱ्या वर्षी लेखी परीक्षेत. तिसऱ्या वर्षी थोड्या गुणांनी यादीतून नाव हुकलं. त्यानंतर तो यायचाच बंद झाला. त्याच्या आईने आम्हाला सांगितले, "दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतोय. बोलत नाय, जेवत नाय."

आम्ही त्याच्या घरी गेलो. सगळे सांगतात तेच आम्हीही सांगितले. खचू नकोस, जिद्द धर, प्रयत्नांती यश. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "जिद्द होतीच की. जिद्दीनंच तर मारलं." यावर आम्हाला उत्तर सुचेना. उठून आलो.

पुढे त्याच्या एका मित्राने रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून इंग्रजीतले दोन जाडजूड खंड आणले. जपानी चित्रकथांना 'मंगा' म्हणतात. त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात, म्हणजे आपल्या हिशेबाने शेवटच्या पानापासून सुरुवात. हा मित्र रोज त्याच्या उशाशी बसून शब्दकोश घेऊन वाचू लागला. पंधरा-वीस दिवसांनी दोघे अभ्यासिकेच्या दारात उभे. आमचा मुलगा म्हणाला, "सर, मुसाशीपण एकदा पळून गेला होता." तेव्हा आम्हाला त्यातले काही कळले नाही. मग आम्हीही ते खंड वाचायला घेतले.

त्या मंगाचे नाव 'व्हॅगाबाँड', म्हणजे भटक्या. चित्रकार ताकेहिको इनोउए. १९९८ सालापासून ही कथा कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'मॉर्निंग' साप्ताहिकात येऊ लागली. तिचे ३७ खंड निघाले, २००२ साली तिला तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कार मिळाला, आणि २०१५ साली ती अर्धीच थांबली. तिचा आधार आहे एइजी योशिकावा यांची 'मुसाशी' ही कादंबरी. ती १९३५ ते १९३९ या काळात 'असाही शिंबुन' या दैनिकातून क्रमशः आली होती. आणि कादंबरीला आधार आहे एका खऱ्या माणसाचा. मियामोतो मुसाशी हा सोळाव्या-सतराव्या शतकातला तलवारबाज. तो १६४५ साली वारला. आपण साठावर द्वंद्वे लढलो आणि एकही हरलो नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

आता गंमत बघा. जो माणूस स्वतःला कधीच न हरलेला म्हणतो, त्याची गोष्ट सांगताना इनोउए पानोपानी काय दाखवतात? तर तो कुठे कुठे पडला ते. आम्हाला त्यातली चार ठिकाणे महत्त्वाची वाटली. ती थोडक्यात सांगतो.

पहिले ठिकाण. साल १६००, सेकिगाहाराची मोठी लढाई. ताकेझो आणि माताहाची ही एकाच गावातली सतरा वर्षांची दोन पोरं नाव कमवायला लढाईत गेली आणि हरलेल्या बाजूला सापडली. कथा सुरू होते तीच मुळी प्रेतांच्या खचात. तिथून ताकेझो गावी येतो तर गावच त्याच्या जिवावर उठलेले. लहानपणापासून लोक त्याला राक्षस म्हणत आलेले, तोही तसाच वागतो, दिसेल त्याला मारत सुटतो. अखेर त्याला पकडतो कोण? सैनिक नव्हे, तर ताकुआन नावाचा एक बौद्ध भिक्षू. तो त्याला झाडाला टांगून ठेवतो. ज्याला मरणाची पर्वा नव्हती, तो तिथे लटकलेला असताना जगायचं म्हणून रडतो. मग ताकुआन त्याला नवे नाव देतो, मियामोतो मुसाशी. यातली खुबी अशी, की 'ताकेझो' आणि 'मुसाशी' ही दोन्ही नावे जपानीत त्याच अक्षरांत लिहितात, फक्त वाचन वेगळे. माणूस तोच, अक्षरे तीच, वाचायचे कसे ते बदलले. नाव बदलणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसानंतर आपल्या आजी-आजोबांनी स्वतःला नव्याने वाचायला सुरुवात केली, ती आपण त्यांच्याच तोंडून ऐकलेली आहे.

हे ताकुआन सोहो इतिहासातही होऊन गेले. ते झेन पंथाचे भिक्षू. जन्म १५७३, मृत्यू १६४५, म्हणजे मुसाशी ज्या वर्षी गेला त्याच वर्षी. त्यांनी यागयू मुनेनोरी या तलवारबाजाला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. मन एका जागी अडकू देऊ नये, हा त्याचा गाभा. पण मुसाशीची आणि त्यांची भेट झाल्याचा पुरावा इतिहासात नाही. ती कादंबरीकाराची कल्पना आहे. आपल्याकडे गोष्टीला इतिहास समजण्याची सवय फार, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरे ठिकाण. एकविसाव्या वर्षी मुसाशी क्योतोला येतो. तिथे योशिओका घराण्याची नावाजलेली तलवारशाळा. तिथून तो जखमी होऊन कसाबसा निसटतो. पुढे नारा शहरातल्या होझोइन या बौद्ध मठात जातो. तिथले भिक्षू भाला चालवण्यात निष्णात. इन्शुन नावाचा त्याच्याच वयाचा तरुण भिक्षू त्याच्यापुढे उभा राहतो, आणि मुसाशीला आयुष्यात पहिल्यांदा भीती म्हणजे काय ते कळते. तो पळतो. आमचा मुलगा म्हणत होता ते हेच. आपल्या सिनेमातला नायक कधी पळतो का? मुसाशी पळाला, डोंगरात जाऊन पडला, आणि त्याला शिकवले कोणी? तर ज्या मठातून तो पळाला होता त्याच मठाच्या म्हाताऱ्या गुरूने. आपण घाबरलो, हे मान्य केल्यावरच त्याचे खरे शिक्षण सुरू झाले.

तिसरे ठिकाण. यागयू घराण्याचा वृद्ध प्रमुख सेकिशुसाई. जपानभर ज्याच्या नावाचा दबदबा, तो थकून अंथरुणाला खिळलेला. मुसाशी रात्री गुपचूप त्याच्या खोलीत शिरतो. याला हरवले की जगात आपल्या तोडीचा कोणी नाही, असा त्याचा हिशेब. समोर एक म्हातारा झोपलेला. पण मुसाशीचा हात उठत नाही. ज्या 'अजिंक्य' पदामागे तो धावत होता ते पद म्हणजे नुसता एक शब्द आहे, हे त्याला तिथे कळायला लागते. कळायला लागते, वळायला मात्र फार वेळ जातो. कारण त्यानंतरच तो योशिओकांच्या सत्तर माणसांशी एकटा लढतो आणि सगळ्यांना मारतो.

आता नेहमीची गोष्ट असती तर इथे नगारे वाजले असते. सत्तरांना मारणारा एकटा वीर! पण इनोउए इथेच कथा वळवतात. मुसाशीचा पाय जबर जखमी झालेला. यापुढे तलवार धरता येईल की नाही याची शंका. मेलेली माणसे त्याच्या मनातून हटत नाहीत. जिंकला, पण उभा राहता येईना. तो सगळ्यात मोठा पडला तो जिंकल्यानंतर, हे लक्षात घ्या.

आमच्या मुलाचे ते वाक्य आठवा. "जिद्दीनंच तर मारलं." मराठीत आपण जिद्द, चिवटपणा आणि उभारी हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण ते एक नाहीत. जिद्द म्हणजे ठरवलेले सोडणार नाही. जिद्दीत ताकद असते, पण डोळे मिटलेले असतात. चिवटपणा म्हणजे ओढले तरी तुटणार नाही. आणि उभारी ही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हाताने येते, म्हणून तर आपण 'उभारी देणे' म्हणतो. मुसाशीजवळ जिद्द पहिल्या पानापासून होती, तिनेच त्याला सत्तर माणसांच्या रक्तापर्यंत नेले. चिवटपणा आणि उभारी त्याला शिकावी लागली. दहा पारमितांमध्ये वीर्य आणि क्षांती या दोन वेगळ्या सांगितल्या आहेत, त्याचे कारण आम्हाला हे वाचताना नव्याने कळले. वीर्य नेटाने पुढे जायला लावते, क्षांती सोसून जागेवर टिकायला शिकवते. एकीवर भागत नाही.

चौथ्या ठिकाणाकडे वळण्याआधी माताहाचीबद्दल चार शब्द सांगतो. कारण खरे सांगायचे तर आपण सगळे मुसाशीपेक्षा माताहाचीच्या जास्त जवळचे. हा मुसाशीचा बालमित्र. हाही पडतो, पण प्रत्येक वेळी खोटे बोलून उठायचा प्रयत्न करतो. एका मेलेल्या माणसाजवळ त्याला सासाकी कोजिरो या तलवारबाजाचे प्रमाणपत्र सापडते, तर हा कोजिरो म्हणून मिरवतो. एक खोटे झाकायला दुसरे. त्याची म्हातारी आई ओसुगी त्याच्यासाठी देशभर वणवण करते. अखेर ती मरणाच्या दारात असताना तो तिला पाठीवर घेऊन चालतो आणि सगळे खरे सांगून टाकतो. तलवारीचा एक वारही नसलेला हा प्रसंग वाचताना अभ्यासिकेतली मुले गप्प झाली होती. आपल्या घरांतही परीक्षेचा निकाल लपवणारी मुले आहेत. नोकरी गेल्याचे घरी न सांगता रोज डबा घेऊन निघणारे बापही आहेत. माताहाची कधी मोठा योद्धा होत नाही. पण खरे बोलला त्या दिवशी त्याची पाठ सरळ झाली. शीलाचे सामर्थ्य म्हणतात ते हेच.

आता चौथे ठिकाण, ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला. भटकत भटकत मुसाशी एका उजाड गावात येतो. नदीच्या पुराने आणि नापिकीने मोडलेले गाव. तिथे इओरी नावाचा एक पोरगा, बाप नुकताच गेलेला. मुसाशी त्या पोरासाठी तिथे थांबतो आणि जमीन कसायला घेतो. ज्या हाताने तलवार चालवली त्या हातात कुदळ. आणि इथे तो पहिलीतल्या पोरासारखा अडाणी! जमीन त्याचे ऐकत नाही. पाणी त्याचे ऐकत नाही. गावकरी हसतात. शेती जाणणारा एक म्हातारा सुरुवातीला त्याला दाद देत नाही. तलवारीत जे चालते, म्हणजे समोरच्यावर मात करणे, ते मातीत चालत नाही. मातीवर मात करता येत नाही, तिचा कल ओळखावा लागतो. खंडामागून खंड हा माणूस खणतो, चुकतो, पुन्हा खणतो. लढाईच्या कथेत एवढी पाने शेतीला दिलेली आम्ही दुसरीकडे पाहिली नाहीत.

मग येतो दुष्काळ. गाव उपाशी, माणसे मरायला लागतात. इथे मुसाशीची तलवार काय कामाची? भुकेशी द्वंद्व करता येत नाही. तेव्हा ज्याने कोणापुढे मान वाकवली नाही तो मुसाशी, दरबारातून त्याला न्यायला आलेल्या माणसांपुढे गुडघे टेकतो आणि गावासाठी धान्य मागतो. स्वतःसाठी नव्हे हो, गावासाठी. आमच्या मते साऱ्या कथेत याहून धाडसाचा प्रसंग नाही. सत्तर माणसांसमोर उभे राहायला त्याला जेवढे बळ लागले, त्याहून जास्त बळ हा गुडघा टेकायला लागले असेल. शेवटी गावात भाताचे पीक उभे राहते, ते सगळ्यांचे असते.

यातून एक गोष्ट नीट समजून घेऊ. गावकऱ्यांत चिवटपणा कमी होता म्हणून दुष्काळ पडला नाही. तसेच आपला मुलगा भरतीत मागे राहिला, तो प्रत्येक वेळी त्याच्या जिद्दीत खोट होती म्हणून नव्हे. जागा थोड्या आणि उमेदवार हजारो, हा हिशेब त्याने मांडलेला नाही. तेव्हा पडलेल्या पोराला नुसते "जिद्द धर" म्हणून घरी जाणे म्हणजे दुष्काळातल्या गावाला "जोर लावून नांगरा" सांगण्यासारखे आहे. आम्ही तेच करून आलो होतो, याची आम्हाला लाज वाटते.

अंगुलिमालाची गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहे. बाबासाहेबांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेचा जो भाग आहे, तो एका 'व्हॅगाबाँड'च्याच गोष्टीने सुरू होतो आणि पुढे अंगुलिमाल येतो. नावाचा हा योगायोग पाहून आम्हीही चकित झालो. आपण अंगुलिमालाची गोष्ट सांगताना तो तथागतांना शरण गेला इथे थांबतो. पण मज्झिम निकायातल्या सुत्तात पुढचेही आहे. भिक्षू झाल्यावर तो भिक्षेला गेला तेव्हा त्याच्यावर दगड पडले, डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. रक्ताळलेला तो तथागतांकडे आला आणि तथागतांनी त्याला सोसायला सांगितले. म्हणजे बदललेल्या माणसाला लोक लगेच हार घालत नाहीत. तो बदलला हे जगाला पटायला वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ त्याला दगड खात बदललेलेच राहावे लागते. मुसाशीचेही तेच. त्याने तलवार बाजूला ठेवली तरी नाव ऐकून आव्हान देणारे येतच राहतात. पण दोघांत एक फरक आहे, तोही सांगितला पाहिजे. अंगुलिमालाने शस्त्र कायमचे टाकले. मुसाशीने टाकले नाही. इतिहासातला मुसाशी १६१२ साली सासाकी कोजिरोशी लढला आणि कोजिरो त्यात मेला, असे सांगतात. मंगा तिथपर्यंत पोचण्याआधीच थांबली. म्हणून मुसाशी हा आमचा आदर्श नव्हे. तो शिकणारा विद्यार्थी आहे, आणि तोही आपल्यासारखाच अर्ध्या वाटेवरचा.

आणखी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. सामुराई म्हटले की पोरांच्या डोळ्यांत चमक येते. पण सामुराई हा जपानच्या सरंजामी व्यवस्थेतला वरचा वर्ग होता. १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांकडून शस्त्रे काढून घेतली. तोकुगावा राजवटीत सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी अशी उतरंड होती, आणि त्या उतरंडीच्याही बाहेर चामड्याची, मेलेल्या जनावरांची कामे करणारी माणसे होती. वस्ती वेगळी, विटाळ मानलेला. ओळखीचे वाटते ना? १८७१ साली कायद्याने ही उच्चनीचता रद्द झाली, पण भेदभाव संपला नाही. तेव्हा त्या लोकांनी १९२२ साली क्योतो येथे 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना उभारली. म्हणजे बाबासाहेबांचा महाडचा सत्याग्रह १९२७ चा, त्याच्या पाच वर्षे आधी. मुलांनो, जपानी तलवारीच्या गोष्टी वाचा, पण त्या तलवारीच्या सावलीत कोण राहत होते तेही वाचा. आम्हाला ही मंगा आवडण्याचे एक कारण हेच, की तिच्यात तलवारवाला शेवटी शेतकऱ्याचा शिष्य होतो.

आई-वडिलांसाठीही एक सूचना. ही मंगा मोठ्या वाचकांसाठी लिहिलेली आहे. तिच्यात रक्तपात फार आहे आणि लहान मुलांनी पाहू नयेत अशी काही चित्रेही आहेत. आम्ही ती फक्त अठराच्या पुढच्या मुलांना देतो आणि त्यावर बोलतो. धाकट्यांसाठी ओसामु तेझुका यांची भगवान बुद्धांच्या जीवनावरची मंगा आहे, १९७२ ते १९८३ या काळात आलेली. पण तीही आधी स्वतः चाळून मगच मुलांच्या हाती द्यावी. आणि इनोउए यांच्याबद्दल एवढे सांगायला हवे, की २०११ साली क्योतोच्या हिगाशी होंगान्जी या बौद्ध मंदिरासाठी त्यांनी शिनरान या भिक्षूचे मोठे पडदेचित्र काढले. तलवारीची हजारो पाने काढलेला हात शेवटी एका भिक्षूपाशी येऊन पोचला.

आता आजींच्या प्रश्नाकडे. पायरीवर त्यांनी विचारले तेव्हा आम्ही वाद घातला नाही. तो शेतीचा खंड उघडून त्यांच्यापुढे धरला. आजींनी चष्मा लावला, मुसाशी कुदळ घेऊन खणतो ते चित्र निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यो नवशिका हाय. कंबरेतून वाकतोय. सांजच्याला उठायचा न्हाय." आजींची उमर दुसऱ्यांच्या शेतावर राबण्यात गेली. आम्ही विचारलं, आजी, पीक बुडालं की काय करायचा? त्या म्हणाल्या, "काय करणार? रडायचं. मग शेजारणीकडून मूठभर जवारी आणायची. दुसऱ्या साली तिला द्यायची. एकल्यानं कोण जगलंय?"

बंधू-भगिनींनो, ३७ खंडांत जे आम्हाला सापडले ते आजींनी पायरीवर उभ्या उभ्या सांगितले. पडल्यावर उठायचे, हे तर सगळेच सांगतात. पण उठताना हातात काय घेऊन उठायचे आणि काय तिथेच ठेवायचे, हे कोणी सांगत नाही. मुसाशी प्रत्येक वेळी काहीतरी खाली ठेवून उठला. झाडावरून उतरताना द्वेष ठेवला, होझोइनमध्ये बढाई ठेवली, म्हाताऱ्याच्या खोलीत अजिंक्यपदाची हाव ठेवायला लागला, आणि त्या उजाड गावात 'मी एकटा' हे ठेवले. जे ठेवले नाही त्याने त्याला पुन्हा पाडले.

आमचा तो मुलगा आता संध्याकाळी धाकट्यांना गणित शिकवतो आणि दिवसा वायरमनचे काम शिकतो. आज हा माइक चालतो आहे तो त्याच्याच जोडणीने. परवा भरतीची जाहिरात निघाल्याचे ऐकले. त्याने अर्ज भरला की नाही, आम्ही विचारले नाही. भरला तर आम्ही पहाटे मैदानावर जाऊ. नाही भरला तरी तो आमचाच आहे. एवढे त्याला ठाऊक असले की आमचे काम झाले.

शेवटी एकच विनंती. आपल्या गल्लीत कोणी भिंतीकडे तोंड करून पडले असेल तर त्याला उपदेश करायला जाऊ नका. त्याच्या उशाशी बसा, काहीतरी वाचून दाखवा, मूठभर ज्वारी न्या. आणि अभ्यासिकेची चावी आमच्याकडे आहे, रात्री अकरानंतरही दार ठोठवायला हरकत नाही.



नमो बुद्धाय! जय भीम!